दहा जुने पीसी, दोन पीएस४ आणि तीन लाख रुपये: सांगलीतल्या एका गेमिंग झोनचं प्रकरण

सांगलीत विश्रामबागला, कॉलेजच्या पोरांची वर्दळ असते त्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक गेमिंग झोन आहे. झोनचं नाव देत नाही, मालकांना सगळी पोरं दादा म्हणतात, मी पण दादाच म्हणतो, तेच इथं वापरतो. पीसी असेंबल करणं, दुरुस्त करणं, अधूनमधून कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, उघडून साफ करणं हे माझं काम, आणि या झोनची जवळजवळ सगळी मशीनं माझ्याच हातून गेलीत, त्यामुळं गेल्या दिवाळीनंतर तिथं जो पेच पडला तो मला अगदी जवळून बघायला मिळाला. पेच असा की हातात तीन लाख रुपये, जुनी मशीनं बदलायची वेळ आलेली, आता कन्सोल घ्यायचे का पीसी?

बापलेकात यावरून चांगलीच जुंपली होती. दादांचं म्हणणं पीसी सगळे काढून टाकू आणि सोनीचे चार पीएस५ कन्सोल लावू, रविवारी गर्दी तिकडंच असते. मुलगा इंजिनिअरिंगला, त्याचं म्हणणं बरोबर उलटं, कन्सोलचे दिवस संपले, सोनीच आता आपले गेम पीसीवर विकायला लागलीय मग त्या डब्यात पैसे कशाला घालायचे. दोघांनीही मला बोलावलं आणि दोघांचीही अपेक्षा ही की मी आपल्या बाजूनं बोलेन.

आधी त्यांच्याकडं काय होतं ते सांगतो. २०१७ ला घेतलेले दहा पीसी, सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकेक स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. त्याच वर्षी घेतलेले दोन पीएस४. आणि २०२४ ला पीएस५ चं स्लिम मॉडेल भारतात आल्यावर घेतलेला एक पीएस५. झोन आधी गावभागात तळमजल्यावर होता, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा पोरांनी रातोरात मशीनं खांद्यावरून वर काढली म्हणून ती वाचली, फर्निचर सगळं गेलं. त्यानंतर दादांनी पहिला मजला सोडून दुसरं काही बघितलंच नाही. सांगायचं कारण, जागा त्यामुळं लहान आहे आणि भाडं जास्त, आणि पुढच्या हिशोबात जागेचा मुद्दा येणार आहे.

आता गंमत बघा, एकाच वर्षी घेतलेले पीसी आणि कन्सोल, एकाच खोलीत, एकाच धुळीत, एकाच पोरांच्या हातात आठ वर्षं चाललेत. असा मुकाबला कागदावर कुठं मिळत नाही. दोन्ही अजून चालू होते. पीएस४ २०१३ चं मशीन, त्यावर २०२५ चा ईए एफसी २६ सुद्धा येतो, पोरं आजही त्यावर फुटबॉल खेळतात. पण नवीन मोठे गेम त्यावर यायचे बंद झालेत, २०२३ चा स्पायडरमॅन २ आला तोच मुळात पीएस५ साठी. पीसीचं दुखणं वेगळंच. १०५० टीआय कार्डवर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम अजून मस्त पळतो, तक्रार कार्डची नव्हतीच, तक्रार विंडोजची. विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या यादीत हा सातव्या पिढीचा आय५ बसत नाही. वर्षभर मुदत वाढवून घ्यायची सोय होती म्हणा, पण ज्या मशीनवर रोज वेगवेगळी पोरं आपापला पासवर्ड टाकतात तिथं जुन्या विंडोजवर धंदा ढकलत राहणं मला पटत नाही, आणि व्हॅलोरंटसारख्या गेमचं अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या अगदी मुळाशी जाऊन बसतं, त्याच्या अटी वर्षागणिक कडक होतायत. म्हणजे हार्डवेअर धडधाकट आणि तरी मशीन बाद. कन्सोलवाल्याला हा प्रकार ठाऊकच नसतो.

मी दादांना म्हणलं, आधी वही काढा. त्यांच्याकडं रोजची वही असते, कुठल्या सीटवर किती वाजता कोण बसलं, किती पैसे झाले. आम्ही तिघांनी ती वही घेऊन बसायचं ठरवलं, मतं नंतर.

वहीत दोन वेगळी गिऱ्हाइकं सरळ दिसली. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, आठवड्याचे पाचही दिवस, पीसीवर कॉलेजची पोरं. लेक्चर बुडवून म्हणा, मधल्या सुट्टीत म्हणा. खेळतात व्हॅलोरंट, थोडे काउंटर स्ट्राइक २. हे दोन्ही गेम फुकट आहेत, मुंबईला सर्व्हर आहे त्यामुळं पिंग चांगला मिळतो, म्हणजे बटन दाबल्यावर गेम लगेच प्रतिसाद देतो, आणि ही पोरं माऊस सोडून दुसरं काही हातात धरणार नाहीत. २०२४ ला व्हॅलोरंट पीएस५ वर आला खरा, पण कन्सोलवाले पीसीवाल्यांबरोबर एका मॅचमध्ये खेळूच शकत नाहीत, तशी सोयच ठेवलेली नाही. म्हणजे पीसी काढले असते तर ही गर्दी पीएस५ कडं वळली नसती, सरळ जिना उतरून दुसऱ्या झोनमध्ये गेली असती. दादांचा चार पीएस५ चा बेत इथंच अर्धा कोसळला.

दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळचं आणि शनिवार-रविवारचं. हे एकटं येत नाही. चौघं येतात, कधी सहा येतात आणि आळीपाळीनं खेळतात. तासगाव, विटा, जत, आटपाडीकडची पोरं इथं खोल्या घेऊन राहतात, रविवारी मेस बंद असते, बाहेर कुठंतरी खाऊन वर येतात. फुटबॉल लावतात, दोन विरुद्ध दोन, हरलेल्यानं तासाचे पैसे द्यायचे. एक रविवार मी पीएस५ चा पंखा साफ करायला गेलो होतो आणि सोफा रिकामा व्हायची वाट बघत बाजूला बसलो होतो. चौघांतला एक पोरगा गावाकडनं आलेला पाहुणा, कंट्रोलर त्यानं पहिल्यांदाच हातात घेतलेला. शेजारच्यानं सांगितलं, "ह्यानं पास, ह्यानं गोल, बाकीचं बघू नको." पहिल्या मॅचला त्यानं स्वतःच्याच गोलकडं पळापळ केली, तिसऱ्या मॅचला गोल मारला, आणि तो गोल झाला तेव्हा आख्खा झोन ओरडला, पीसीवरची पोरं हेडफोन काढून मागं बघायला लागली. त्याच वेळी कोपऱ्यातल्या पीसीवर एक पोरगा स्टीम या पीसीच्या ऑनलाइन गेम दुकानात लॉगिन करायच्या कोडची वाट बघत बसलेला, मोबाईल डिस्चार्ज, कोड मोबाईलवर येणार, चार्जर शोधतोय, तासाचे पैसे मात्र चालू. दोन्ही मशीनमधला फरक मला कुणी विचारला तर मी हेच सांगतो. टेराफ्लॉप वगैरे ताकदीचे आकडे नंतर.

आता पैशाचा हिशोब. पीसीचा दर तासाला ५० रुपये. पीएस५ चा दोघांना १२०, चौघांना २००. वही बघून साधारण असं निघालं की पीसीची एक चालती सीट आठवड्याला पावणेतीन हजाराच्या आसपास आणते, पीएस५ चा सोफा सव्वाचार हजारापर्यंत जातो. ऐकायला पीएस५ भारी वाटतो. पण पीएस५ नुसता येत नाही, तेव्हाचा ५५ हजाराचा डबा, २५ हजाराचा टीव्ही, आणि चौघांसाठी तीन जादा कंट्रोलर म्हणजे सहा-सहा हजार धरले तरी अठरा, झाले ना लाखाच्या घरात. नवीन पीसी मॉनिटरसकट सत्तर-बहात्तर हजारात बसत होता. म्हणजे घातलेल्या रुपयामागं बघितलं तर दोघांत फारसा फरकच उरत नाही. वर सोफ्याला अडीच पीसीची जागा लागते. आणि कंट्रोलर झिजतो, कुठल्याही कंपनीचा असू दे. स्टिकच्या दोन बाजूंना बारके पोटेन्शिओमीटर असतात, आत कार्बनची पट्टी, त्यावरून पातं फिरत राहतं, रोज आठ-आठ तास अंगठ्यानं दाबून फिरवलं की पट्टी घासते, मग हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडं चालायला लागतो. कंट्रोलर उघडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसला तर काही दिवस बरा चालतो, नाहीतर आख्खं स्टिकचं मॉड्यूल डीसोल्डर करून बदलावं लागतं, चौदा पिना एकसारख्या गरम करून काढायच्या, घाई केली की बोर्डावरची तांब्याची बारीक रेघच उचलते. घरात हे काम चार वर्षांत एकदा निघत असेल, झोनमध्ये सारखं.

दिवाळीनंतर मुलाच्या बाजूचं गणितही फिसकटलं ते रॅममुळं. एआयचे डेटा सेंटर उभे राहतायत, त्यांना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांची कारखान्यातली क्षमता चाललीय, आणि जगाची बहुतेक मेमरी याच तिघांकडनं येते. २०२५ च्या शेवटी डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीच्या वर गेल्या, माहिती साठवायच्या एसएसडीही चढल्या, डिसेंबरमध्ये तर मायक्रॉननं आपल्यासारख्यांना माल देणारा क्रुशियल हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी मुलाला दिलेलं कोटेशन पंधरवड्यात शिळं झालं. तो मला म्हणाला, "तुम्ही मागच्या वेळी वेगळा आकडा सांगितला होता," आणि त्याचं बरोबर होतं, आकडा खरंच वेगळा होता.

मग कन्सोल जिंकला का? इथंच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक ताकदीची तुलना करत बसतात आणि खरा बदल किमतीत झालाय. कन्सोल विकला गेला तो मुख्यतः ताकदीवर नाही. त्याचा डाव असा होता की पहिल्या दिवशी मशीन तोट्यात किंवा जेमतेम दरात विकायचं, पैसा गेमवर आणि स्टोअरच्या कमिशनवर काढायचा, आणि वर्षं जातील तशी मशीनची किंमत उतरवत न्यायची म्हणजे आज न परवडणारा उद्या घेतो. पीएस२ अमेरिकेत २००० ला २९९ डॉलरला आला, २००२ ला १९९ झाला, २००९ ला ९९. सोळा कोटींच्या आसपास विकला गेला, आजवर सगळ्यात जास्त विकलेला कन्सोल तोच. पीएस४ ३९९ ला आला, तीन वर्षांत स्लिम मॉडेल २९९ ला. आपल्याकडं सेकंडहँड पीएस२ घरोघरी पोचले ते या उतरत्या किमतीमुळंच.

आणि पीएस५? २ फेब्रुवारी २०२१ ला भारतात डिस्कवाला ४९,९९० ला आला. पुढच्या वर्षी तो ५४,९९० झाला, २०२४ ला स्लिम आला तोही ५४,९९० ला. अमेरिकेत ४९९ चा २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५४९ झाला. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सीरिज एक्स ४९९ वरून त्याच वर्षात दोनदा वाढून ६४९ वर गेला. म्हणजे पाचव्या वर्षी मशीन पहिल्या दिवसापेक्षा महाग, असं पूर्वी सहसा होत नव्हतं. कारण चिप लहान केली की पूर्वी ती स्वस्त पडायची, आता लहान केलेली चिप बनवायलाच महाग पडते, आणि वर मेमरीचं हे असं. कन्सोलमध्येही याच कंपन्यांची मेमरी असते ना, पीएस५ मध्ये १६ जीबी आहे, ती काय आकाशातनं पडत नाही. माझ्या मते कन्सोलला पीसीपासून खरा धोका नाही, धोका हा आहे की त्याचं सगळ्यात मोठं हत्यार, उतरती किंमत, त्याच्या हातातनं गेलंय.

दुसरं हत्यार होतं फक्त त्याच कन्सोलवर मिळणारे गेम. ते तर कन्सोलच्या कंपन्यांनी स्वतःच्या हातानं खाली ठेवलंय. सोनीचा होरायझन झिरो डॉन २०२० ला पीसीवर आला, गॉड ऑफ वॉर २०२२ च्या जानेवारीत, घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२४ ला, आणि हेलडायव्हर्स २ तर पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी. मायक्रोसॉफ्ट कितीतरी वर्षं आपले गेम पीसीवर त्याच दिवशी देतेय, फोर्झा होरायझन ५ त्यांनी २०२५ ला चक्क पीएस५ वर आणला. दादांच्या मुलानं गॉड ऑफ वॉर स्वतःच्या लॅपटॉपवर पूर्ण केलाय, त्यामुळं तो जे म्हणत होता ते हवेत नव्हतं. कंपन्यांचं कारणही समजण्यासारखं आहे, एकेक मोठा गेम बनवायला पाच-सहा वर्षं आणि शेकडो माणसं लागतात, तो एकाच डब्यावर विकून पैसे सुटत नाहीत. निन्टेंडो तेवढी अजून हट्टानं आपले गेम आपल्याच मशीनवर ठेवते, पण ती भारतात अधिकृत विकतच नाही, त्यामुळं सांगलीच्या हिशोबात ती येत नाही.

बाकी आतून बघितलं तर २०१३ पासूनच कन्सोल म्हणजे पीसीच आहे. पीएस३ चा सेल प्रोसेसर वेगळाच प्राणी होता, त्यासाठी गेम लिहिताना लोकांचा घाम निघायचा. पीएस४ पासून एएमडीचा x८६, म्हणजे पीसीतल्याच जातीचा, प्रोसेसर आला, पीएस५ मध्ये आठ कोरचा झेन २ आहे, जो पीसीत बसतो त्याचाच भाऊ. आणि पीसीवाले उलट कन्सोलच्या दिशेनं निघालेत, स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०२२ ला हातात धरून खेळायचा स्टीम डेक काढला, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीखाली ठेवायचा स्टीम मशीन जाहीर केला. दोघंही एकाच ठिकाणी पोचायला निघालेत, टीव्ही, सोफा, एक बटन दाबलं की गेम चालू.

परत झोनवर येतो. तोडगा निघाला तो जुन्या रॅममधनं. सातव्या पिढीच्या त्या दहा पीसीत डीडीआर४ ही आधीच्या पिढीची रॅम होती. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि तो बसतो त्या एएम४ मदरबोर्डाला डीडीआर४ च लागते आणि त्यावर विंडोज ११ व्यवस्थित बसतं. दहा स्टिक काढल्या, दोन-दोन जोडल्या, पाच पीसीला १६-१६ जीबी झाली आणि रॅमवर एक रुपया गेला नाही. जुन्या स्टिक २४०० वेगाच्या, ३२०० च्या असत्या तर मशीन आणखी थोडं पळालं असतं, पण व्हॅलोरंट खेळणाऱ्याला तो फरक कळत नाही. मग तीन सीटना जुनंच १०५० टीआय ठेवलं, कारण व्हॅलोरंटमध्ये कार्डापेक्षा प्रोसेसरवर भार जास्त असतो, जुन्या आय५ जागी ५६०० आल्यावर त्याच कार्डावर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कितीतरी वाढल्या. एसएसडी, कॅबिनेट, माऊस-कीबोर्ड जुनेच. नवीन घेतलं ते प्रोसेसर, बोर्ड आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर. एक सीट तीस हजाराच्या आत बसली. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारे डबे, मी सगळे तपासून घेतले, दोन फुगलेल्या कपॅसिटरचे निघाले ते टाकून दिले, सुटे दहा असल्यामुळं चांगले पाच मिळाले. राहिलेल्या दोन सीट मुलाच्या आग्रहानं मोठ्या केल्या, आरटीएक्स ५०६० कार्ड, १ टीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी, त्या प्रत्येकी पासष्ट हजाराच्या आसपास गेल्या.

पीसीचं बळ मला यात दिसतं. आठ वर्षांनी मशीन बाद झालं पण त्याचे अर्धे अवयव कामाला आले. पीएस४ चं काय काढून पीएस५ ला लावणार? पीएस४ चा कंट्रोलर सुद्धा पीएस५ च्या गेमला चालत नाही. अर्थात हे बळ ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्यालाच आहे, किंवा ज्याच्या ओळखीत धरणारा आहे त्याला. घरी एका पोरासाठी मशीन घेणाऱ्या बापाला मी हा उद्योग करायला सांगणार नाही.

दहाचे पाच पीसी झाल्यावर जागा मोकळी झाली, तिथं दुसरा सोफा आणि दुसरा पीएस५ बसला. डिस्कवालाच घेतला, हे मी दादांना ठासून सांगितलं होतं. नवीन मोठ्या गेमची डिस्क चार-पाच हजाराला जाते, पण खेळून झाली की विकता येते, सेकंडहँड निम्म्यात मिळते. डिजिटलवाल्यात घेतलेला गेम कायमचा अडकला, आणि पीसीवर तर डिस्क हा प्रकार केव्हाच संपलाय. डिस्क असली की नेट गेलं तरी सोफ्यावरचा फुटबॉल चालूच राहतो, पीसीवाली पोरं मात्र तेव्हा हात बांधून बसतात. सगळा खर्च तीन लाख दहा-बारा हजारावर आला. दोन्ही पीएस४ कोपऱ्यात ठेवलेत, कमी दरात, शाळेची पोरं त्यावर बसतात.

एक गोष्ट दादांना मी स्पष्ट सांगितली आणि इथंही सांगतो, कारण गावोगावी झोन निघतायत आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पीएस५ च्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वैयक्तिक वापरासाठी असतं, धंद्यासाठी नाही. पीसीच्या बाजूला स्टीमनं कॅफेसाठी वेगळं लायसन्स ठेवलंय, तो रस्ता तरी आहे. उद्या कुणी कडक व्हायचं ठरवलं तर कन्सोलवाले झोन अडचणीत येतील. दादांनी ऐकून घेतलं. पीसीवर स्टीमच्या कॅफेचं लायसन्स मुलगा बघतोय, कन्सोलचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडंही नाही.

जानेवारीपासून नवीन मांडणी सुरू आहे. व्हॅलोरंटच्या तिन्ही सीट दुपारी भरलेल्या असतात, कधी कधी पोरं वाट बघत जिन्यात बसतात, तेव्हा मुलगा बापाकडं बघतो. दोन्ही सोफे शनिवार-रविवारी आदल्या दिवशीच बुक होतात, तेव्हा बाप मुलाकडं बघतो. ५०६० वाल्या दोन मोठ्या सीट मात्र म्हणाव्या तशा चालत नाहीत, आणि हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्याला मोठे, लांबलचक कथेचे गेम खेळायचेत त्याच्याकडं स्वतःचा गेमिंग लॅपटॉप असतो, तो होस्टेलवर रात्री खेळतो. चाळीस-पन्नास तासांचा गेम तासाला ५० रुपये देऊन कोण पूर्ण करणार? सगळ्यात ताकदवान मशीन सगळ्यात रिकामं. ताकदीला माझ्या लेखी फार किंमत नाही असं मी म्हणतो ते यावरून, निदान लोक पैसे मोजून बसतात त्या जागेत तरी. पीसी टिकतो कारण तो अभ्यासालाही लागतो, फुकट गेम देतो, तुकड्यातुकड्यानं जगतो. कन्सोल टिकतो कारण चार माणसं एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसू शकतात आणि पाहुण्याच्या हातातही दोन मिनिटांत देता येतो. ही जागा पीसीनं अजून घेतलेली नाही. स्टीम मशीनसारखं काही स्वस्तात आलं तर घेईलही, पण मेमरीच्या या भावात स्वस्त येणार कसं हे मला दिसत नाही. आणि पीएस५ नंतरचा कन्सोल जर पाऊण लाख-लाखाच्या घरात गेला तर मग मध्यमवर्गी घरात तो जाणारच नाही, बाप म्हणेल त्यापेक्षा लॅपटॉप घे, अभ्यासाला तरी होईल, आणि तो चुकीचं म्हणत नसेल. मग कन्सोल फक्त अशा झोनमध्ये उरतील, जसं एकेकाळी व्हिडिओ गेमची पार्लरं होती. मला ते व्हावं असं वाटत नाही. ज्या घरात कॉम्प्युटरचं काही कळत नाही त्या घरातलं पोरगंही चांगला गेम खेळू शकतं ते याच डब्यामुळं, आणि ही सोय महाग होऊन जाऊ नये एवढं मला मनापासून वाटतं.

सध्या दोघांचा नवीन वाद जीटीए ६ या गेमवरून चाललाय. तो बनवणाऱ्या रॉकस्टारनं तारीख दिलीय १९ नोव्हेंबर २०२६, फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीचं नाव त्यात नाही. जीटीए ५ वेळीही असंच झालं होतं, कन्सोलवर २०१३ ला, पीसीवर २०१५ ला. दादा म्हणतायत पोरं दारात रांग लावतील, तिसरा पीएस५ आत्ताच घेऊन ठेवू, भाव वाढायच्या आधी. मुलाचं म्हणणं, तो गेम एकट्यानं खेळायचा, सोफ्यावर एकाच्या हातात कंट्रोलर आणि तिघं नुसते बघत बसणार, मग २०० चा दर कुठनं मिळणार. मी सांगितलं की मोठ्या दोन सीटपैकी एक विकून टाका, ५०६० ला आज गिऱ्हाईक आहे, त्या पैशातनं नवीन डबा येतो आणि वर टीव्हीला थोडे उरतात, तिसऱ्या सोफ्यापेक्षा दोन खुर्च्या ठेवा आणि जीटीएचा दर डोक्यावर लावा, माणशी ८० रुपये, तासातासानं. मुलगा ५०६० विकायला तयार नाही. दादांनी टीव्हीचं माप घेऊन ठेवलंय.